मोंतोने : एका लहान गांवाची स्मरणशक्ति

इटलीचा इतिहास म्हटला कीं रोमचें साम्राज्य, फ्लोरेन्सची कला आणि व्हेनिसचा व्यापार एवढ्याच गोष्टी बहुधा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु भूमध्यसमुद्रांत शिरलेल्या या द्वीपकल्पाचा खरा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर राजधान्यांकडे पाठ फिरवून डोंगरमाथ्यांवरील लहान गांवांकडे वळलें पाहिजे. उंब्रिया प्रांतांतील मोंतोने हें अशांपैकींच एक. वस्ती अवघी दीड हजारांच्या आसपास. तथापि महाराष्ट्रांतील माणसानें आवर्जून जाणून घ्यावें असें या गांवाच्या इतिहासांत कांहीं आहे.

रोममधून वाहत जाऊन समुद्रास मिळणाऱ्या टायबर नदीच्या कांठानें उगमाच्या दिशेनें गेलें, म्हणजे पेरूजा शहराच्या पलीकडे तिचें वरचें खोरें लागतें. त्या खोऱ्यावर नजर ठेवून एका टेकडीवर मोंतोने बसलें आहे. भोंवतीं तट, आंत दगडी घरें आणि चढउतारांच्या अरुंद गल्ल्या. बोर्गो, मोंते आणि व्हेर्झिएरे या तीन वेशींवरून गांवाच्या तीन पेठा पडल्या आहेत. खालची सपाट व सुपीक जमीन सोडून लोक टेकडीवर कां राहिले, हें गडकोटांच्या मुलुखांतील माणसास समजावून सांगण्याचें कारण नाहीं. खोऱ्यांतून पीक येतें, पण सैन्येंहि खोऱ्यांतूनच येतात.

सैनिकी पेशा हाच या गांवाच्या कीर्तीचा पाया होय. चौदाव्या व पंधराव्या शतकांत इटलींतील नगरराज्यें आणि खुद्द पोप आपल्या लढाया पुष्कळदां भाडोत्री सेनानायकांकरवीं लढवीत. हे नायक आपली फौज स्वतः बाळगीत आणि मोबदला ठरवून आज याच्या, तर उद्यां त्याच्या बाजूनें लढत. त्यांपैकीं एक अग्रगण्य नायक म्हणजे मोंतोनेचा ब्राच्चो. त्याच्या कुळाचें नांव फोर्तेब्राच्चो, म्हणजे बळकट बाहु. १३६८ सालीं जन्मलेल्या या पुरुषानें १४१६ सालीं लढाई जिंकून पेरूजाचें स्वामित्व मिळविलें. तो केवळ लुटारू नव्हता. त्रासिमेनो सरोवराचें पाणी चढून कांठचीं शेतें बुडत, म्हणून जादा पाणी काढून देणारा भुयारी कालवा त्यानें खोदविला.

पुढें पोपशीं त्याचें वैर जडलें. १४२४ सालीं लाक्विला येथील लढाईंत जखमी होऊन तो मरण पावला. धर्मबहिष्कृत म्हणून त्याचें प्रेत अपवित्र जमिनींत पुरण्यांत आलें. पण त्याच्या लोकांनीं त्याला विसरावयाचें नाकारलें, आणि कांहीं वर्षांनीं त्याच्या अस्थि पेरूजास आणून सन्मानानें ठेवण्यांत आल्या.

ब्राच्चोचा मुलगा कार्लो हाहि सेनानायकच होता. व्हेनिसच्या चाकरींत त्यानें केलेल्या पराक्रमाबद्दल त्याला एक पवित्र कांटा मिळाला. ख्रिस्ताच्या कंटकमुकुटांतील तो एक कांटा, अशी भाविकांची श्रद्धा आहे. १४७३ सालीं कार्लोनें तो आपल्या गांवास अर्पण केला. त्या दानाचा उत्सव मोंतोनेमध्यें दर वर्षीं ऑगस्ट महिन्यांत होतो. लोक मध्ययुगीन पोषाख घालतात आणि तिन्ही पेठा एकमेकींशीं चढाओढ करितात. साडेपांचशें वर्षांपूर्वींचें एक दान हें गांव अद्याप विसरलेलें नाहीं.

या गांवाच्या परिसरांत १९४४ च्या उन्हाळ्यांत पुन्हां सैन्यें आलीं. ४ जून रोजीं रोम पडल्यावर जर्मन फौजा पावलापावलाला अडवणूक करीत उत्तरेकडे हटत होत्या, आणि टायबरच्या खोऱ्यांतून त्यांचा पाठलाग करण्याचें काम भारतीय लष्कराच्या दहाव्या डिव्हिजनकडे होतें. तींत मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती, आणि त्या पलटणींत कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचा बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे होता.

१० जुलै रोजीं त्याच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडींतील त्याच्याखेरीज सर्व जण ठार किंवा जखमी झाले. यशवंत एकटाच धांवत गेला. हातबाँब टाकून त्यानें मशीनगन व ती चालविणारा, दोघांचा निकाल लावला, आणि आणखी एकास टॉमीगननें टिपलें. दुसरीं काडतुसें भरण्यास अवकाश नव्हता. तेव्हां बंदूक नळीकडून धरून त्यानें उरलेल्या दोघांवर ती हाणली. मोर्चा हातीं आला. परंतु लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तो तेथेंच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. इटलीच्या मोहिमेंत दिल्या गेलेल्या अशा २० पदकांपैकीं ६ भारतीय लष्करांतील सैनिकांस मिळालीं, आणि त्या सहांत दोघे मराठा पलटणींचे होते. दुसरा अहमदनगर जिल्ह्यांतील नामदेव जाधव.

हें युद्ध कोणाचें होतें, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. यशवंत ज्या दिवशीं पडला, त्या दिवशीं जवाहरलाल नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. ज्या सत्तेनें त्यांना तेथें कोंडलें होतें, तिच्याच निशाणाखालीं हा कोंकणी तरुण इटलीची भूमि मोकळी करीत होता. पगारी शिपाई ब्राच्चो होता, तसा यशवंतहि होता. पण ब्राच्चोला लढाईनें राज्य दिलें. यशवंताला स्वतःची थडग्याएवढी जागाहि लाभली नाहीं. ज्यांच्या समाधीचा ठाव नाहीं अशा ४,००० हून अधिक सैनिकांच्या नांवांबरोबर त्याचें नांव कासिनो येथील स्मारकावर कोरलें आहे. ब्राच्चोच्या अस्थि माघारी आणणारे लोक होते. यशवंताच्या आणावयाच्या तर कोठून?

माणगांवानें आपल्या सुपुत्राचा पुतळा उभारला, हें योग्यच झालें. परंतु मोंतोनेनें जें केलें तें कोणीं सांगितलेलें कर्तव्य नव्हतें. २०२३ च्या जुलै महिन्यांत, एकुणऐंशी वर्षांनंतर, त्या गांवानें आणि इटलींतील लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनीं यशवंत घाडगे याच्या नांवानें एक सूर्यघटिका उभारली. तिच्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सर्व एकाच सूर्याखालीं आहोंत, असा आहे.

इटलींत सुमारें ५०,००० भारतीय सैनिक लढले. त्यांतील ५,७८२ परतले नाहींत. स्वतंत्र भारताच्या इतिहासांत त्यांना कोणतें स्थान द्यावें, याबद्दल आपल्याकडे बराच काळ संकोच वाटत आला. मोंतोनेला तो वाटला नाहीं. शिपाई कोणाच्या चाकरींत होता हें त्या गांवानें विचारलें नाहीं. तो कोणाच्या भूमीवर पडला, एवढेंच पाहिलें. आपल्याकडेहि परमुलखांतून येऊन येथें पडलेल्यांच्या पुष्कळ बेवारस समाध्या आहेत. त्यांच्याकडे पाहतांना या लहान गांवाचा धडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.