अकरावी-बारावीला मानसशास्त्र घ्यायचंय? आधी एवढं वाचा

दहावीचा निकाल लागला, की कला शाखेकडं निघालेल्या पोरांना मानसशास्त्राबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, 'तो वेड्यांचा विषय.' कुणी म्हणतं, 'घे, मनाचा डॉक्टर होशील.' दोन्ही चूक. पहिलीनं फार बिघडत नाही, दुसरीनं मात्र पोरांची वर्षं वाया जातात. म्हणून आधी तिच्याबद्दल.

गोळ्या-औषधं लिहून देणारा तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. तो आधी एमबीबीएस होतो, मग मनोविकारांतलं पुढचं शिक्षण घेतो. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि त्यावर नीट परीक्षा. याला दुसरी वाट नाही. मानसशास्त्रज्ञ वेगळा. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, औषध देत नाही. त्याची वाट बीए आणि मग दोन वर्षांचं एमए अशी जाते. रुग्ण तपासणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर त्यापुढं भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडं नोंदणी लागते. तीन महिन्यांत समुपदेशक करून देतो म्हणणाऱ्या जाहिराती मोबाईलवर रोज येतात. त्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी मिळत नाही.

आता विषयात असतं काय? बालभारतीचं बारावीचं सध्याचं पुस्तक २०२०-२१ला आलं. त्यात बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, विचारप्रक्रिया, भावना, मानसिक विकार असे पाठ आहेत. समोरच्याच्या मनातलं ओळखायला शिकवतात का, असं पोरं विचारतात. तसलं काही नाही. उलट हा विषय मोजमापाचा आहे. १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली, तिथून मानसशास्त्राची गणना शास्त्रात होऊ लागली. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली या विषयाचा विभाग निघाला. बुद्धिमापनाची बिने चाचणी मूळची फ्रान्सची, पण डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवून दिली. बिने-कामत चाचणी म्हणतात ती हीच. फ्रेंच पोराला विचारायचा प्रश्न आपल्या पोराला जसाच्या तसा विचारून कसं चालेल? बियाणंसुद्धा आपण आपल्या जमिनीत निघतं का ते बघूनच घेतो.

मला विचाराल तर सगळ्यात कामाचा पाठ मानसिक विकारांचा. नैराश्य, चिंता, भयगंड, छिन्नमनस्कता यांची लक्षणं त्यात येतात. घरातला माणूस महिनाभर झोपत नाही, जेवत नाही, शेतात जायचं टाळतो, तेव्हा आपल्याकडं 'आळशी झालाय' नाहीतर 'बाहेरचं लागलंय' म्हणतात. हा पाठ वाचलेलं पोर निदान दवाखान्याचं नाव तरी काढील. मात्र पुस्तक वाचून घरात निदान करत बसायचं नाही, ते त्याचं काम नाही. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आधी तो फिरवावा.

अडचण अशी, की ग्रामीण भागातल्या बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत हा विषयच नसतो. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र एवढ्यावरच यादी संपते. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, पण तिथं शाखा मिळाली म्हणजे विषय मिळाला असं नाही. पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: मानसशास्त्र आहे का, शिकवायला शिक्षक आहेत का? लेखी पेपर ८० गुणांचा आणि बाकी २० प्रकल्प-तोंडीचे, ते कोण करून घेणार?

नसेल तर एवढ्यासाठी पोराला शहरात खोली करून ठेवायची गरज नाही. बीएला मानसशास्त्र घ्यायला बारावीला तो विषय असलाच पाहिजे, अशी अट सहसा नसते. विज्ञान, वाणिज्यवाल्यांनाही बीएला तो घेता येतो. ज्या विद्यापीठात जायचं त्याचा नियम तेवढा बघून घ्यावा. तोवर बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तक फुकट आहे, मराठीतही.

बीएच्या वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरची शेती सांभाळत बाहेरून मानसशास्त्र करायचं, हा बेत आता जमणार नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीनं दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं या विषयाचे नवे प्रवेश थांबवले आहेत. 'आमच्याकडं घरबसल्या होतंय' असं सांगून कुणी फी मागत असेल तर पैसे देण्याआधी यूजीसीचं पत्र दाखवायला सांगा.