निर्वात नलिकांचा गिटार-विवर्धक

विजेच्या गिटारच्या तारांखालील चुंबकीय पिकअपमध्ये निर्माण होणारा क्षीण विद्युत् संकेत इलेक्ट्रॉन नलिकांच्या साहाय्याने वाढवून ध्वनिक्षेपकाला पुरविणारे साधन. जुन्या रेडिओतील ‘व्हॉल्व्ह’ म्हणून परिचित असलेली नलिका ती हीच. ट्रँझिस्टरच्या प्रसारानंतर रेडिओ, दूरचित्रवाणी संच व गणकयंत्रे यांतून ही नलिका विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात जवळजवळ हद्दपार झाली. गिटार-विवर्धकात मात्र ती अद्याप टिकून आहे. त्याचे कारण तांत्रिक तितकेच सांगीतिक आहे. मर्यादेपलीकडे संकेत दिला असता नलिका आवाज बिघडविते आणि हा बिघाडच वादकांना व श्रोत्यांना हवासा वाटू लागला. विवर्धकाची निवड करताना वादक वस्तुतः तो बिघाड कोणत्या प्रकारचा असावा व ध्वनीच्या कोणत्या पातळीवर सुरू व्हावा, हे ठरवीत असतो.

रचना व कार्य : पिकअपपासून मिळणारा विद्युत् दाब व्होल्टच्या अल्प अंशाइतका असतो. पूर्वविवर्धन विभागातील लहान ट्रायोड नलिका तो अनेक पटींनी वाढवितात. या कामी १२ एएक्स ७ ही जोड-ट्रायोड नलिका सर्वत्र रूढ आहे (यूरोपातील नाव ईसीसी ८३). तिचा विवर्धनांक १०० असून ती अमेरिकेत १९४७ मध्ये प्रचारात आली. त्यानंतर मंद्र व तार स्वर कमीअधिक करण्याची मंडले आणि शेवटी शक्तिविवर्धन विभाग असतो. शक्तिनलिकांतील विद्युत् दाब ३०० ते ५०० व्होल्ट, तर प्रवाह अल्प असतो. ध्वनिक्षेपकाला उलट कमी दाब व अधिक प्रवाह लागतो. म्हणून दोहोंमध्ये प्रदान रोहित्र बसवावे लागते. विवर्धकाच्या वजनाचा व किंमतीचा बराच भाग रोहित्रांमुळे असतो. ध्वनिक्षेपक न जोडता विवर्धक चालविल्यास या रोहित्रात अतिउच्च दाब निर्माण होऊन ते जळण्याचा धोका असतो.

एकच शक्तिनलिका वापरली असता मूळ स्वराच्या दुप्पट कंप्रतेचा उपस्वर ठळकपणे मिसळतो व नाद भरदार वाटतो. दोन नलिका परस्परविरुद्ध दिशांनी काम करतील अशा जोडल्यास शक्ती वाढते. परंतु शक्तिविभागात निर्माण होणारे सम उपस्वर बऱ्याच अंशी एकमेकांना छेदतात व विषम उपस्वरांचा खरखरीतपणा पुढे येतो. प्रवाहाचे एकदिशीकरण नलिकेने केले असल्यास जोराच्या आघाताबरोबर पुरवठ्याचा दाब क्षणभर खचतो आणि स्वर दबून पुन्हा फुलतो. अभियंत्याच्या दृष्टीने ही पुरवठ्यातील उणीव होय. वादकाच्या बोटांना मात्र ती वाद्याने दिलेला प्रतिसाद वाटते.

उगम : जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये द्विप्रस्थ नलिका बनविली व ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीत जालक घालून विवर्धनाची वाट मोकळी केली. गिटारला तिची गरज भासली ती १९२०–३० च्या सुमारास. पितळी वाद्ये व ढोल यांच्या गर्दीत लाकडी पेटीच्या गिटारचा आवाज बुडून जाई. प्रारंभीचे यश मिळाले ते हवाईयन गिटारला. जॉर्ज बोशँप व अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये तयार केलेली, तळणीच्या आकाराची विद्युत् गिटार विवर्धकासह विकली जाई. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ईएस-१५० ही गिटार व तिच्या जोडीचा ईएच-१५० हा विवर्धक बाजारात आणला. बेनी गुडमन यांच्या वृंदात १९३९ मध्ये दाखल झालेल्या चार्ली क्रिश्चन या तरुण वादकाने या संचाच्या बळावर गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने स्वतंत्र गतीची वाद्ये म्हणून वाजणाऱ्यांच्या पंक्तीत बसविले. तोवर आर्‌सीए कंपनीची ६ एल ६ ही शक्तिनलिकाही (१९३६) उपलब्ध झाली होती. त्या काळचे विवर्धक म्हणजे बहुधा रेडिओचेच मंडल लाकडी खोक्यात बसविलेले असे.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातही हवाईयन पद्धतीची विद्युत् गिटार पुढे चांगलीच रुळली. व्हॅन शिपली यांनी तिच्यावर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी ऐकल्या गेल्या. तेथे मात्र गायकीच्या अंगाने जाणारी अखंड, निर्मळ मींड हेच उद्दिष्ट होते; विरूपणाला त्या शैलीत फारसे स्थान नव्हते.

फेंडर विवर्धक : कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९३८ पासून रेडिओ-दुरुस्तीचे दुकान चालविणारे लीओ फेंडर यांनी १९४६ मध्ये स्वतःच्या नावाने कंपनी काढली. ते स्वतः गिटार वाजवीत नसत. दुरुस्तीस येणारी यंत्रे कोठे व कशी मोडतात हे त्यांना ठाऊक होते; त्यामुळे उघडण्यास सोपा सांगाडा, सहज मिळणारे भाग आणि बैठकीच्या सामानाप्रमाणे टिकाऊ कापडाचे आवरण ही त्यांच्या विवर्धकांची लक्षणे ठरली. एकाच ६ व्ही ६ नलिकेचा, सु. ५ वॉट शक्तीचा ‘चँप’ हा शिकाऊंसाठी होता. त्यावरील ‘डिलक्स’मध्ये अशा दोन नलिका, तर मोठ्या नमुन्यांत ६ एल ६ नलिकांची जोडी असे. मंद्र गिटारसाठी १९५२ मध्ये काढलेला ‘बासमन’ त्या दशकाच्या मध्याच्या सुमारास चार १० इंची ध्वनिक्षेपकांसह मिळू लागला. ज्या वाद्यासाठी तो घडविला त्यापेक्षा साध्या गिटारवादकांनीच तो अधिक उचलला. फेंडर यांचा सारा प्रयत्न आवाज स्वच्छ ठेवण्याचा होता. १९६३ चे ‘डिलक्स रिव्हर्ब’ (सु. २२ वॉट) व ‘ट्विन रिव्हर्ब’ (सु. ८५ वॉट) हे त्या प्रयत्नाचे फळ होय. कंपनी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण संस्थेला १·३ कोटी डॉलरना विकली गेली.

दोषाचा स्वीकार : स्वस्त, कमी शक्तीचा विवर्धक गजबजलेल्या मद्यगृहात पूर्ण क्षमतेने चालवावा लागे. त्यातून शिकागो व मेंफिस येथील ब्लूज वादकांच्या वाट्याला आलेला फाटका आवाज प्रथम नाइलाजाचा होता. १९५१ मध्ये मेंफिस येथे सॅम फिलिप्स यांच्या ध्वनिमुद्रणगृहात ‘रॉकेट ८८’ हे गीत मुद्रित झाले. वाटेत विवर्धकाची मोडतोड झाली होती आणि त्याच्या ध्वनिक्षेपकात कागद कोंबून काम भागविले, असे सांगतात. फिलिप्स यांनी तो आवाज टाकून दिला नाही, ही महत्त्वाची गोष्ट. पुढे बिघाड मुद्दाम घडविला जाऊ लागला. लिंक रे यांनी ‘रंबल’साठी (१९५८) ध्वनिक्षेपकाच्या शंकूला पेन्सिलीने भोके पाडली, तर किंक्स या ब्रिटिश वृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ मध्ये एका लहान विवर्धकाचा शंकू पात्याने चिरला.

ब्रिटनमधील विकास : आयात केलेले अमेरिकन विवर्धक ब्रिटनमध्ये महाग पडत. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथील जेनिंग्ज कंपनीसाठी डिक डेनी यांनी आखलेले व्हॉक्स एसी १५ व त्यापाठोपाठ एसी ३० हे विवर्धक शॅडोज व बीटल्स या वृंदांमुळे प्रसिद्धीस आले. एसी ३० मध्ये चार ईएल ८४ नलिका असून शक्तिविभागात ऋण पुनःप्रदाय नसतो. त्यामुळे स्वच्छ आवाजाकडून विरूपणाकडे होणारे संक्रमण हळूवार व झगझगीत असते.

लंडनमधील हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालविणारे ढोलवादक जिम मार्शल यांनी केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांच्या साहाय्याने १९६२ मध्ये जेटीएम ४५ हा विवर्धक तयार केला. त्याचे मंडल जवळजवळ सरळसरळ ‘बासमन’चे होते. तरी त्याचा आवाज वेगळा निघाला. पहिल्या टप्प्यात अधिक विवर्धनाची ईसीसी ८३ नलिका होती, रोहित्रे स्थानिक होती आणि मागून उघड्या खोक्यातील १० इंची ध्वनिक्षेपकांऐवजी बंद पेटीत चार १२ इंची सेलेस्टियन ध्वनिक्षेपक होते. पुढे अमेरिकन शक्तिनलिकांच्या जागी ब्रिटिश केटी ६६ व नंतर स्वस्त आणि सुलभ अशी ईएल ३४ नलिका आली. आज ज्याला ‘ब्रिटिश आवाज’ म्हणून पूजनीय मानले जाते, त्याच्या मुळाशी असा बाजारातील उपलब्धतेचा व काटकसरीचा हिशेब आहे. एरिक क्लॅप्टन यांनी १९६६ मध्ये जॉन मायॉल यांच्या वृंदातून मार्शल विवर्धक मोठ्याने वाजवूनच ध्वनिमुद्रण करण्याचा आग्रह धरला आणि त्या तबकडीने एका पिढीची आवड ठरविली. त्याच वर्षी लंडनला आलेले जिमी हेंड्रिक्स यांनीही मार्शल विवर्धक स्वीकारला. हेंड्रिक्स यांचे पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स होते, हा निव्वळ योगायोग.

शक्तीची स्पर्धा : न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्सनी सु. ५५,६०० श्रोत्यांपुढे १०० वॉटच्या व्हॉक्स विवर्धकांवर वादन केले. श्रोत्यांच्या आरोळ्यांत ते नीट ऐकू आले नाही. सभागृहातील ध्वनिक्षेपण-यंत्रणा तेव्हा गायकापुरतीच व दुबळी असल्याने सारा भार वादकाच्या विवर्धकावर पडे. हू वृंदाच्या पीट टाउनशेंड यांच्या मागणीवरून मार्शल यांनी १०० वॉटचे विवर्धक व एकावर एक रचलेल्या ध्वनिपेट्या बनविल्या.

या स्पर्धेत एक गैरसमज रूढ झाला. ५० ऐवजी १०० वॉट घेतल्याने ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलनी वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सु. दहापट व्हावी लागते. तेव्हा ५ वॉटचा विवर्धक ५० वॉटच्या तुलनेत सु. निम्म्या आवाजाचा असतो. गिटारचे ध्वनिक्षेपक कार्यक्षम असल्यामुळे १ वॉटलाही एक मीटर अंतरावर ९७ डेसिबेलच्या आसपास पातळी मिळू शकते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या एका मान्य मानकानुसार या पातळीला दिवसातून अर्धा तास हीच सुरक्षित मर्यादा होय. टाउनशेंड यांनीही पुढे आपल्या श्रवणहानीविषयी जाहीरपणे सांगितले आहे.

ट्रँझिस्टरशी तुलना : १९६०–७० या दशकात अनेक उत्पादकांनी हलके व स्वस्त ट्रँझिस्टर-विवर्धक काढले. ते स्वच्छ वाजत. पण मर्यादा ओलांडताच तरंगाचा माथा एकदम छाटला जाऊन कर्कश आवाज येई. रसेल हॅम यांनी १९७३ मध्ये ध्वनिग्राहकांच्या पूर्वविवर्धकांचा अभ्यास प्रसिद्ध केला व अतिभार असताना नलिका आणि ट्रँझिस्टर यांचे उपस्वर निराळे असतात, असे दाखविले. रोलंड कंपनीचा जेसी-१२० (१९७५) हा ट्रँझिस्टर-विवर्धक मात्र स्वच्छ आवाजासाठी मान्यता पावला. अंकीय अनुकरणाची साधने १९९८ च्या सुमारास लोकप्रिय झाली व आता ती इतकी सरस आहेत, की ध्वनिमुद्रणावरून फरक ओळखणे जाणकारांनाही अवघड जाते.

निवड : प्रथम विचार जागेचा करावा लागतो. मोठा विवर्धक घरी दबक्या आवाजात वाजविला, तर त्याच्या शक्तिनलिका झोपलेल्याच राहतात आणि ज्यासाठी तो घेतला ते विरूपण मिळत नाही. १९७० मध्ये क्लॅप्टन यांनी ध्वनिमुद्रणगृहात लहान ‘चँप’ वापरला, त्यामागे हेच तत्त्व होते. घर व ध्वनिमुद्रण यांसाठी १ ते ५ वॉट, तर ढोलाबरोबरच्या वादनासाठी सु. १५ ते २० वॉट बहुधा पुरतात; सभागृहात विवर्धकापुढे ध्वनिग्राहक ठेवतातच. स्वच्छ आवाजाचा आग्रह असेल, तर मात्र जादा शक्तीला पर्याय नाही. कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ यांनी पूर्वविभागात विवर्धनाचे टप्पे वाढवून कमी आवाजातही दीर्घ, दाट स्वर मिळविला. मार्शल कंपनीने १९७५ पासून प्रमुख नियंत्रकाची सोय केली. असा आवाज शक्तिनलिकांच्या विरूपणाहून अधिक बारीक व दाबलेला असतो. ध्वनिक्षेपक बदलल्याने होणारा फरक नलिका बदलण्यापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. खरेदी करणारे सहसा याकडे दुर्लक्ष करतात.

अमेरिकेतील ११७–१२० व्होल्टसाठी बनविलेला विवर्धक भारतातील २३० व्होल्टवर थेट जोडता येत नाही. दाब कमी करणारे रोहित्र वापरले, तरी ६० हर्ट्झसाठी आखलेले आतील रोहित्र ५० हर्ट्झवर अधिक तापते. जुन्या नमुन्यांत भूसंपर्काची तार नसते. ती बसवून घेणे अगत्याचे आहे. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्झी येथे लेस हार्व्ही या गिटारवादकाचा भूसंपर्क नसलेल्या ध्वनिग्राहकाला स्पर्श होऊन विजेच्या धक्क्याने रंगमंचावरच मृत्यू झाला. वीज बंद केल्यावरही विवर्धकातील धारित्रांत प्राणघातक विद्युत् भार राहू शकतो. म्हणून तो उघडण्याचे काम जाणत्या कारागिराचेच होय.

नलिकांचा पुरवठा हा खरेदीनंतर सुरू होणारा प्रश्न आहे. आर्‌सीएने आपले उत्पादन १९७६ मध्ये थांबविले. पाठोपाठ पश्चिमेतील इतर मोठे कारखानेही बंद पडले. त्यानंतर वादकांची भिस्त रशियातील सरातोव्ह, स्लोव्हाकियातील चाद्‌त्सा व चीनमधील उत्पादकांवर राहिली. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने घातलेल्या निर्यातबंदीमुळे जगभर नलिकांची टंचाई होऊन किंमती वाढल्या. भारतात भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बंगलोर येथील कारखान्यात एकेकाळी रेडिओच्या नलिका तयार होत. रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांत शिल्लक राहिलेल्या त्यांतील ईएल ८४ सारख्या न वापरलेल्या नलिकांना आता परदेशी विवर्धकांसाठी गिऱ्हाईक मिळते.