त्रिंकोमाली : नावे कुणाची कोरली गेली?

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबई गोदीतून एक लढाऊ जहाज पाण्यात उतरले. त्यानंतर तीन महिने पुरे होण्याआधीच, १ जानेवारी १८१८ ला, भीमा कोरेगावची लढाई झाली. दुसरी तारीख आपल्याला तोंडपाठ आहे. पहिली कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

जहाजाचे नाव 'एचएमएस त्रिंकोमाली'. ३८ तोफांची फ्रिगेट, मलबारच्या सागवानाची. बांधणाऱ्याचे नाव म्हणून इतिहासात जमशेटजी बोमनजी वाडिया नोंदले गेले. वाडियांचे कौशल्य आम्ही नाकारत नाही. पण जंगलात सागवान तोडले कुणी, ओंडके ओढले कुणी, करवत चालवली कुणी? ते सगळे आमचेच होते असा पोकळ दावा आम्ही करणार नाही. पुराव्याशिवाय बोलणे ही समोरच्यांची सवय आहे. प्रश्न मात्र विचारणारच. कोरेगावच्या स्तंभावर महार सैनिकांची २२ नावे आहेत, म्हणूनच १९२७ ला बाबासाहेब तिथे जाऊन उभे राहू शकले. लढणाऱ्याचे नाव निदान दगडावर आले. घडवणाऱ्याचे कुठे आहे?

गंमत पाहा, एवढ्या मेहनतीचे जहाज १८१९ ला इंग्लंडला पोहोचले आणि तिथे पंचवीस वर्षे नुसते बांधून ठेवले गेले. नेपोलियनशी युद्ध संपले होते, गरज उरली नव्हती. १८४५ नंतर तोफा कमी करून ते पुन्हा समुद्रावर गेले : आधी उत्तर अमेरिका व वेस्ट इंडिज, मग १८५२ ते १८५७ पॅसिफिक महासागर.

आता अवघड भाग. १८५६ मध्ये व्हँकुव्हर बेटावर गव्हर्नर जेम्स डग्लस याने सुमारे ४०० खलाशी आणि सैनिक घेऊन कौइचन या मूलनिवासी लोकांवर चाल केली. हे बळ त्रिंकोमालीनेच नेले. एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडल्याच्या आरोपावरून तथलासुत नावाच्या माणसावर तिथल्या तिथे खटला चालवून त्याला फाशी दिले गेले. मुंबईच्या श्रमिकांनी घडवलेल्या लाकडावरून दुसऱ्या एका दडपलेल्या समाजाच्या दारात फास गेला. 'भारतीय कारागिरीचा अभिमान' म्हणून या जहाजाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे पानही वाचावे. इंग्रजांच्या सैन्याने आपल्या माणसाला शस्त्र दिले, हे खरे. तेच इंग्रज तिकडे काय करत होते, हेही खरे. आम्हाला दोन्ही सांगता आले पाहिजे.

पुढे ते प्रशिक्षण जहाज झाले. १८९७ ला विकले गेले, नाव बदलून 'फुद्रोयां' झाले, १९८६ पर्यंत मुलांना शिकवत राहिले. १९९२ मध्ये जुने नाव परत मिळाले. आज ते इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये तरंगते आहे. दोनशे वर्षांनंतरही सागवान टिकून आहे.

त्याच्या नाळेवर फेटा बांधलेल्या एका हिंदी माणसाचा पुतळा आहे. लंडनला बाबासाहेबांचे घर पाहायला जाणाऱ्या मित्रांनी एक दिवस काढून हार्टलपूलही गाठावे, आणि तिथल्या माणसांना विचारावे : मुंबई गोदीतल्या सुतारांची हजेरी कुठे ठेवली आहे?