मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि मालकीचा प्रश्न

डेटाबेस म्हणजे रकाने आणि ओळींत मांडलेली माहिती साठवणारी, हवी तेव्हा शोधून देणारी आणि एकाच वेळी अनेकांनी हात घातला तरी तिच्यात गोंधळ होऊ न देणारी प्रणाली. २००० च्या सुमारास संकेतस्थळे भराभर उभी राहू लागली, तेव्हा ओरॅकलसारखी महागडी प्रणाली न परवडणाऱ्यांपुढे प्रामुख्याने दोन मुक्तस्रोत पर्याय होते, म्हणजे ज्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते असे: मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल.

पोस्टग्रेसचा जन्म विद्यापीठातला. मायकेल स्टोनब्रेकर यांनी बर्कली येथे १९८६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प १९९४ मध्ये अधिकृतपणे बंद झाला आणि त्याच वर्षी अँड्र्यू यू व जॉली चेन यांनी त्याला एसक्यूएल या प्रश्नभाषेची जोड दिली. आश्रयदात्याने हात काढून घेतला की अशी संहिता सहसा अडगळीत जाते. ही तगली, कारण जुलै १९९६ मध्ये मार्क फोर्निए यांनी विद्यापीठाबाहेरचा पहिला सर्व्हर उपलब्ध करून दिला आणि अमेरिकेतील ब्रूस मॉमजिअन, रशियातील वादिम मिखेयेव अशा दूरदूरच्या माणसांनी ती आपली मानून सांभाळली.

मायएसक्यूएल मात्र १९९५ पासून एका स्वीडिश कंपनीचे अपत्य होते. ते बसवायला सोपे आणि वाचनाला वेगवान होते, म्हणून संकेतस्थळवाल्यांनी ते उचलून धरले. त्या वेगाची किंमत मात्र अचूकतेत मोजावी लागे. ३२७६७ पर्यंतचीच संख्या मावणाऱ्या 'स्मॉलइंट' रकान्यात ४०००० लिहू गेल्यास जुने मायएसक्यूएल नुसता इशारा नोंदवून ३२७६७ साठवून मोकळे होई, तर पोस्टग्रेस ती नोंदच नाकारी. हिशेबाच्या वहीत असा बदल होणे किती घातक, हे कोणत्याही कारकुनाला सांगावे लागत नाही. हा शिथिलपणा मायएसक्यूएलच्या मूळ मांडणीतून दूर व्हायला २०१५ उजाडले.

तरीही निवडीचा खरा कस लागला तो मालकीवर. मायएसक्यूएलची संहिता २००० पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली असली, तरी तिचे स्वामित्वहक्क कंपनीकडेच एकवटलेले होते, आणि जे एकाच्या हाती असते ते विकता येते: २००८ मध्ये सन कंपनीने सुमारे १०० कोटी डॉलरना ही कंपनी घेतली आणि जानेवारी २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या, ताब्यात गेली. मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी मुक्त परवान्याच्या आधारे 'मारियाडीबी' ही स्वतंत्र शाखा काढली. संहिता वाचली, परंतु ती राखणारा समुदाय दुभंगला.

पोस्टग्रेसमध्ये स्वामित्वहक्क असंख्य योगदात्यांत विखुरलेले असल्याने खरेदी करण्याजोगा मालकच नव्हता. तेथे धोका होता तो माणसांच्या नोकऱ्यांतून. २०२० मध्ये ईडीबी या कंपनीने सेकंडक्वाड्रंट ही दुसरी कंपनी घेताच, प्रकल्पाची धुरा वाहणाऱ्या पाच जणांच्या मध्यवर्ती मंडळातील तिघे एकाच मालकाचे नोकर ठरले. निम्म्याहून अधिक सदस्य एका कंपनीचे नसावेत, हा तेथील जुना संकेत. तो पाळण्यासाठी मंडळाने कोणालाही न काढता आंद्रेस फ्रॉइंड आणि जोनाथन कॅट्झ यांना सामावून घेतले आणि पाचांचे मंडळ सात जणांचे झाले.