दुचाकीची जुळणी (कच्च्या वाटेसाठी)
खडबडीत, चढउताराच्या वाटेसाठी मोटारसायकलचे शॉकअप व चेन-स्प्रॉकेट जुळवून घेणे. बेळगाव–वेंगुर्ले मार्गावरील उचगाव परिसरात पावसाळ्यात शिवारवाटा चिखलाच्या होतात, तेव्हा या जुळणीची गरज पटते. मागील शॉकअपचे खाचांचे कडे फिरवून स्प्रिंगचा पूर्वताण बदलता येतो. मागे माणूस किंवा पोते असेल तर हा ताण वाढवावा. एकट्याने जाताना कमी करावा, नाहीतर चाक खड्ड्यांवर उडून पकड सुटते. ताण वाढवल्याने स्प्रिंग कडक होते हा समज चुकीचा आहे. गाडी फक्त उंच बसते. मागचे स्प्रॉकेट ४२ दातांचे असता पुढचे १४ ऐवजी १३ दातांचे बसवल्यास गुणोत्तर ३ वरून ३.२३ होते. चढाला जोर मिळतो, कमाल वेग घटतो. स्प्रॉकेट बदलल्यावर चेनचा ढिलेपणा पुन्हा तपासावा.