प्याद्याचा वजीर कोणी करावा?

लढाई खरी असो की लुटुपुटीची, तिच्यात तलवारीआधी जीभ चालते. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला की पोरांचे पहिले भांडण जुंपते ते नियमांवरून. घोडेस्वाराने बुरुज चढावा की नाही? तोफ एकदा उडाली की पुन्हा कधी उडावी? आजची शहरातली मुले टेबलाभोवती बसून, बहुकोनी फासे टाकून एक कल्पित युद्धकथा खेळतात. त्यात कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर; आणि मांत्रिकाने चिलखत घालावे काय, यावर त्यांची तासन् तास हुज्जत चालते. वडील मंडळींना हे खूळ परदेशी वाटते. ते १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी जन्माला घातले, हे खरेच. पण या खेळाची वंशावळ मागे मागे नेली तर ती जर्मनीतल्या युद्धखेळांपाशी पोचते. आणि १७८० साली ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या पंडिताने असा पहिला मोठा खेळ रचला, तो बुद्धिबळाचाच पट वाढवून! म्हणजे परदेशी म्हणून नाक मुरडावे, तर आजी आपल्याच घरची निघते.

हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही सेनेची चार अंगे, म्हणून खेळाचे नाव चतुरंग. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये या खेळाला मानाची जागा आहे. पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी आपल्या ‘नीतिमयूखा’त खेळाची रीत लिहून ठेवली. हे नीलकंठ काशीचे खरे. पण त्यांचे घराणे मूळचे आमच्या गोदाकाठच्या पैठणचे. धर्मशास्त्र लिहिणाऱ्या हातांनी प्याद्यांची चाल लिहावी, यात आश्चर्य नाही. व्यवहार कोणी कसा करावा हे सांगणे, हेच दोन्हीकडचे काम!

जुन्या देशी डावाचे नियम आज थोड्यांनाच ठाऊक असतील. आपला राजा समोरच्या राजापुढे उभा नसे. त्याच्यासमोर शत्रूचा वजीर असे. प्यादे पहिल्याच चालीला दोन घरे धावत नसे, त्याने एकेक पाऊलच टाकावयाचे. राजाला शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्याची उडी मारता येई. एकदा शह बसला की तो हक्क बुडाला. एका बाजूचा राजा एकटाच उरला की ‘बुर्जी’ झाली, पुरता विजय हातचा गेला. आणि प्याद्याने केलेली मात ती सर्वांत मानाची. गावोगावी यात थोडाफार फरक असे, आणि त्या फरकापायी पट उधळलेही जात.

सर्वांत गमतीचा नियम प्याद्याच्या बढतीचा. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते हवे ते होत नसे. घोड्याच्या घरात पोचले तर घोडा, उंटाच्या घरात पोचले तर उंट, हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती. वजीर व्हावयाचे तर राजाच्या किंवा वजिराच्याच घरात पोचले पाहिजे. शिवाय ते मोहरे आधी मेलेले हवे. जागा रिकामी नसेल तर प्याद्याने उंबरठ्याशी ताटकळत राहावे. दरबारात वजीर एकच असतो, पटावर दोन कसे चालतील, असा त्यामागचा रोखठोक हिशेब. ‘प्याद्याचा फर्जी’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत नवलाचा म्हणून रुळला, तो उगाच नव्हे.

युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजिराला आणि उंटाला लांब पल्ला मिळाला, डावाला वेग आला. इंग्रज इकडे आले ते आपली रीत घेऊन. पेशवाई बुडण्यास चार वर्षे होती तेव्हा, १८१४ साली, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापले गेले. त्यात खेळ युरोपीय पद्धतीशी जुळवून घेतलेला होता. खऱ्या रणांगणाने तर आधीच कौल दिला होता. मी राहतो त्या जालन्यातील मस्तगडाची गढी १७२५ साली काबील खानाने निजामाच्या आज्ञेवरून बांधली. तिथून उत्तरेस, याच जिल्ह्यात, असईच्या माळावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज वेलस्लीपुढे हटली. घोडदळ आपल्याकडे अफाट होते. निकाल लावला तो तोफांनी आणि कवायती पायदळाने. त्या दिवशी चतुरंगाचे जुने गणित मोडले.

पटावरचे गणित मात्र आणखी सव्वाशे वर्षे टिकून होते. देशी पद्धतीत वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान विलायतेस गेला आणि १९२९ साली ब्रिटिश विजेता झाला. पुढे त्याने कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यालाही हरविले. बुद्धी आपल्याकडे होती. अडत होते ते नियमांपाशी. सांगलीत १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ निघाले. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तेथे पिढ्यान् पिढ्या खेळाडू घडविले. १९५१ साली अखिल भारतीय संघटना झाली आणि १९५५ साली एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. राजाची घोडउडी गेली, किल्लेकोट आला.

यात काही हरवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. संथ डावाची गोडी गेली, गावाचा स्वतःचा कायदा गेला. पण त्याच बदलात आपण काय मिळविले, तेही पाहावे. जुन्या नियमात प्याद्याचे भविष्य त्याच्या वाटेने ठरे: ज्या ओळीत चाललास, त्या ओळीचाच होशील. नव्या नियमात सहा घरांची वाट तुडवून आलेल्या प्याद्याला विचारतात, बोल, काय होतोस? जागा रिकामी आहे की नाही, हेही कोणी पाहत नाही. ज्या देशात माणसाची ओळ जन्माने ठरत आली, त्या देशाला हा फरक कळावयास हवा.

आणि तो नियमही आपोआप पाळला जात नाही. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकरांनी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पाऊल टाकले, तेव्हा मोठा गहजब उडाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे बंद करता येणार नाहीत. जी वाट त्यांनी अशी झगडून मोकळी केली, तिच्यावरून पुढच्या मुली चालल्या. २०२५ साली नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून आली.

म्हणून वाचकहो, या सुट्टीत मुले पटावरून, फाशांवरून वा मातीच्या किल्ल्यावरून भांडू लागली तर लगेच डोळे वटारू नका. नियम कोणी केला, कोणासाठी केला आणि तो सर्वांना सारखा आहे काय, हे तीन प्रश्न तेवढे त्यांना विचारावयास शिकवा. डाव कोणीही जिंको. हे प्रश्न विचारणारे प्यादे वाटेत अडणार नाही.