भाताची बाहुली आणि पर्समधला टेपरेकॉर्डर

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं होतं, "प्रचाराच्या सिनेमातलं सगळं खोटंच असतं का गं?" म्हणून आज आम्ही एका नटीची खरी गोष्ट आणली आहे.

१९४५ साली कोरियाचे दोन तुकडे झाले, उत्तर आणि दक्षिण. चोई उन-ही ही दक्षिणेतली नावाजलेली नटी. जानेवारी १९७८ मध्ये ती कामानिमित्त हाँगकाँगला गेली आणि तिथून तिला पळवून बोटीनं उत्तर कोरियात नेलं. हे करवलं किम जोंग-इल यानं. तो तिथल्या सर्वेसर्वा नेत्याचा मुलगा, सिनेमाचा वेडा. आपल्या देशाचे सिनेमे जगानं नावाजावेत, ही त्याची हाव. त्याच वर्षी तिचा पूर्वीचा नवरा, दिग्दर्शक शिन सांग-ओक, यालाही उचललं. त्यानं पळायचा प्रयत्न केला, तर तुरुंगात टाकलं. दोघांची गाठ पडली ती १९८३ साली.

मग दोघांनी सिनेमे केले. 'मीठ'मधल्या गरीब आईच्या कामासाठी चोईला १९८५ साली मॉस्कोच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. 'पुलगासारी'साठी तर जपानहून 'गॉडझिला'चे कारागीर आले. दोन्ही सरकारांचे संबंध नव्हते, तरी कारागिरांनी एकत्र काम केलं. त्यात तुरुंगातला म्हातारा लोहार भाताची बाहुली करतो. मुलीच्या रक्तानं ती जिवंत होते, लोखंड खाऊन वाढते, शेतकऱ्यांसाठी राजाशी लढते. राजा पडतो, पण तिची भूक काही थांबत नाही. मग शेतकऱ्यांनाच आपली अवजारं तिच्यापुढे टाकावी लागतात. आता सांगा, हा नुसता प्रचार म्हणायचा का?

इकडे चोईनं पर्समध्ये टेपरेकॉर्डर लपवून किमचं बोलणं टेप केलं होतं. दोघं आपखुशीनं आले, असं उत्तर कोरिया सांगत होता. टेपमध्ये मात्र किमच्याच तोंडी त्यांना आणवल्याचं बोलणं होतं. मार्च १९८६ मध्ये व्हिएन्ना शहरात पहारेकऱ्यांना चुकवून दोघं अमेरिकेच्या वकिलातीत शिरले आणि सुटले.

बायांनो, तिची कला खरी होती, बक्षीसही खरं होतं. पण तिला तिथं राहायचं आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा कुठलाही सिनेमा बघताना पडद्यावर काय दिसतं ते बघूच, पण तो कुणी करवला आणि करणारीला नाही म्हणता येत होतं का, हेही विचारू. आणि आपल्या गटातला छोटा रेकॉर्डर जपून ठेवू. बाईचं म्हणणं खरं ठरवायला तो कधी कामी येईल, सांगता येत नाही.